पान एकतीसवरचा हार्डली

नांदेड,
४ जुलै २०२४

प्राध्यापक सिद्धलिंग उस्तुरगे यांस,

जयभीम. तुमच्या 'रोजचे हजार इंग्रजी शब्द : अर्थ व वापर' या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहिलंय, 'लेखकाला ऐकू कमी येते, फोन करू नये. चूक आढळल्यास पत्राने कळवावे.' म्हणून कळवते. चूक आढळली. आमच्या एका बाईचं काम गेल्यावर आढळली.

मी इथल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात सफाईची सुपरवायझर आहे. आम्ही दवाखान्याच्या नाही, ठेकेदार कंपनीच्या. माझ्या हाताखाली चौदा बाया. यंदा कंपनीनं फर्मान काढलं, प्रत्येक बाईचा वर्षाचा रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा. वरच्या लोकांना मराठी वाचता येत नाही म्हणे. मी बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली. बसस्टँडवर तुमचं पुस्तक घेतलं. वर तुमचा कोट घातलेला फोटो आहे, त्यामुळं विश्वास बसला.

पान एकतीसवर तुम्ही लिहिता, 'मूळ शब्दाला ली जोडला की क्रियाविशेषण तयार होते. स्लो म्हणजे मंद, स्लोली म्हणजे हळूहळू. हार्ड म्हणजे कठीण, हार्डली म्हणजे कष्टाने, मेहनतीने.' खाली वाक्यसुद्धा आहे, 'फार्मर हार्डली वर्क्स.' म्हणजे शेतकरी कष्टाने काम करतो.

मी शेतकरी काढला आणि महामाया घातली. महामाया नरवाडे अकरा वर्षं आयसीयूची फरशी पुसते. तिच्यासारखं काम माझ्या चौदात कुणाचं नाही. मी चांगल्या मनानं, चांगल्या अक्षरात लिहिलं, 'महामाया हार्डली वर्क्स.'

सोमवारी मॅनेजर साहेबांनी सगळ्या बायांना उभं केलं आणि कागद वाचला. म्हणाले, "तुमचीच सुपरवायझर लिहून देऊन राहिली, ही बाई काम करतच न्हाई."

मी म्हणलं, "साहेब, ती लई कष्ट करते असं लिहिलं मी."

त्यांनी मोबाईल काढून दाखवला. हार्डली म्हणजे जेमतेम. जवळजवळ नाहीच. महामायाला त्याच दिवशी घरी पाठवलं. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं. ती नजर पाकिटात घालता आली असती तर या पत्रासोबत पाठवली असती.

आता तुम्ही एक करा. कंपनीला लिहून द्या की चूक पुस्तकाची आहे, पुस्तक तुमचं आहे. मॅनेजरचं नाव रुद्रेश बिराजदार. पत्ता खाली दिलाय.

पंचशीला गजभारे


लातूर,
१३ जुलै २०२४

श्रीमती गजभारे यांस,

पत्र मिळाले. अक्षर बरे आहे. बाकीच्याबद्दल तसे म्हणता येत नाही.

माझ्या पुस्तकाच्या सात आवृत्त्या निघाल्या आहेत. उदगीरला मी तेहतीस वर्षे इंग्रजी शिकवले. माझे विद्यार्थी तहसीलदार झाले, डॉक्टर झाले, एक तर कॅनडात आहे. यांपैकी कोणाची नोकरी माझ्या पुस्तकाने गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मला ऐकू कमी येते हे खरे, पण इतकेही कमी नाही.

पान एकतीसवर काही गडबड असेल तर ती छापखान्याची. टाइप करणारी मुले काय वाटेल ते करतात. शिवाय पुस्तकातला एक शब्द उचलायचा आणि थेट कंपनीच्या कागदावर चिकटवायचा, हा उद्योग तुम्हाला सांगितला कोणी? भाषा म्हणजे गोधडीचे ठिगळ नव्हे. बारावीवर सुपरवायझर झालात. कशा झालात ते विचारत नाही, हल्ली पदे कशी मिळतात ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु पदाबरोबर अक्कल येत नाही, ती वेगळी मिळवावी लागते.

रुद्रेश बिराजदार म्हणजे आमचा उदगीरचा रुद्रेश. पहिल्या बाकावर बसायचा. घरचाच मुलगा म्हणा ना. तो कोणावर अन्याय करणार नाही. त्याच्यासमोर हात जोडा, आपली चूक कबूल करा आणि एखाद्या चांगल्या क्लासला नाव घाला.

प्रा. सिद्धलिंग उस्तुरगे
एम. ए., इंग्रजी


नांदेड,
२४ जुलै २०२४

प्राध्यापक साहेब,

'पदे कशी मिळतात' याचं उत्तर आधी घ्या. चौदा वर्षं पेशंटनं ओकलेलं पुसलं, मग सुपरवायझर झाले. ओकारी पुसायला आरक्षण नसतं साहेब, तिथं खुली भरती असते. तुमच्या घरच्या कुणी अर्ज केला तरी घेतील. आजवर एकही आला नाही.

आता तुमचा छापखाना. रविवारी जुन्या वाचनालयात जाऊन तुमच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती काढली. सन १९९६. धूळ झाडावी लागली. पान तेवीस, तोच हार्डली, तोच शेतकरी. बिचारा अठ्ठावीस वर्षं तुमच्या पुस्तकात काही काम न करता बसलाय. छापखान्यातली पोरं तेव्हा जन्मलीबी नसतील. सात आवृत्त्यांचा तोरा मला सांगू नका, तुम्ही एकच चूक सात वेळा विकलीत.

मग म्हणलं, बाकीचं तरी धड आहे का बघावं. वाचनालयातला जाड शब्दकोश घेऊन तीन रविवार बसायचं होतं, एकातच उरकलं, इतक्या पटापट चुका सापडल्या. 'लेटली म्हणजे उशिरा.' नाही, लेटली म्हणजे अलीकडं. 'सेन्सिबल म्हणजे संवेदनशील.' नाही, समंजस. 'बॉरो' आणि 'लेंड' दोन्हीपुढं नुसतं 'उसने' लिहून मोकळे झालात. घेणारा कोण, देणारा कोण, ते शिकणाऱ्यानं काय ओळखायचं? एकूण बावीस निघाल्या. यादी जोडलीय.

क्लासला नाव घालायला सांगता. तिथं शिकवणारे कुणाचे विद्यार्थी असतील याची मला भीती वाटते.

महामायाच्या घरी जाऊन आले. तिचा नवरा वारला तेव्हा मी चार दिवस तिच्या घरी होते, त्या घरात तिनं मला बस म्हणलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणली, "अक्का, माझं काय चुकलं ते तोंडावर सांगायचं होतंस. इंग्रजीत कशाला लिहिलंस? मला कळू न्हाई म्हणून?"

मी म्हणलं, "पुस्तकात तसं होतं गं."

"पुस्तकाला माझं नाव ठाव होतं का?" म्हणली आणि दार लावून घेतलं.

हे तुमच्या कॅनडावाल्याला कळवा.

पंचशीला गजभारे


लातूर,
१४ ऑगस्ट २०२४

पंचशीलाबाई,

उत्तराला विलंब झाला. प्रकृती बरी नव्हती असे लिहिणार होतो, पण तुम्ही त्याचीही चौकशी कराल. यादी तपासत होतो. बावीसपैकी एकोणीस चुका खऱ्या आहेत. तीन ठिकाणी तुम्हीच चुकला आहात, ती लाल शाईने दाखवली आहेत. दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्याने आपल्या तीन पदरात घ्यायला हरकत नसावी.

पदांबद्दलचे ते वाक्य मी लिहायला नको होते.

रुद्रेशला दोन पत्रे टाकली. उत्तर नाही. माझ्या पत्राला उत्तर देऊ नये इतका तो मोठा झालेला नाही, टपालातच गहाळ झाली असावीत. येत्या २२ तारखेला नांदेडला एका नातलगाकडे कार्यक्रम आहे, त्यासाठी येत आहे. तुमच्यासाठी येत नाही, गैरसमज नसावा. वेळ उरला तर कंपनीत डोकावेन.

सि. उस्तुरगे


नांदेड,
१८ ऑगस्ट २०२४

सर,

तीन चुका कबूल. लाल शाई बघून शाळेची आठवण आली, आनंदाची नाही.

टपाल गहाळ झालेलं नाही. तुमची दोन्ही पाकिटं रुद्रेश साहेबांच्या टेबलावर आहेत, न फोडलेली. टेबल आमचीच बाई पुसते. ती म्हणली, साहेब त्यावर चहाचा कप ठेवतात. म्हणजे टेबलाच्या काचेला डाग पडत नाही.

ऑफिस तळमजल्यावर, लिफ्टच्या मागं. पुस्तक घेऊन या. पहिल्या बाकाच्या आठवणी काढत बसू नका. एकच विचारा, महामायाला परत घेणार का?

पंचशीला


लातूर,
२६ ऑगस्ट २०२४

पंचशीलाबाई,

काम झाले. सविस्तर लिहितो.

रुद्रेशने मला पाहताच उठून नमस्कार केला. पाकिटांवर कप होता, तुम्ही लिहिले ते खरे. मी ती उचलून पिशवीत घातली आणि पुस्तक उघडून पान एकतीस त्याच्यापुढे ठेवले. म्हणालो, "चूक माझी आहे. त्या बाईने माझ्यावर विश्वास ठेवला." माझा आवाज मला नीट कळत नाही, त्यामुळे फार मोठ्याने म्हणालो असणार. बाहेर बाकावर बसलेली माणसे वळून पाहू लागली. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी कोणापुढे उच्चारले नव्हते.

तो हसून काहीतरी बोलला. मला कळले नाही. मी कोरा कागद पुढे केला. त्याने लिहिले, 'सर, तिला काय म्हणायचंय ते मला वाचतानाच समजलं होतं. मी पण हेच पुस्तक पाठ केलंय.'

मी विचारले, "मग त्या महामायाला काढलेस कशाला?"

त्याने लिहिले, 'ती हातमोजे मागत होती. चार जणींना घेऊन वरपर्यंत तक्रारीला गेली. काढायला कारण पाहिजे होतं, ते आयतं मिळालं. हे आपल्यातच ठेवा.' मग त्याने कॉफी मागवली आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली.

पाहिलेत ना? तुमच्या वाक्याचा आणि माझ्या पुस्तकाचा या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता. निघताना त्याने कागदासाठी हात पुढे केला, पण मी तो आधीच खिशात घातला होता. लिहिलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्याच्या हाती ठेवून मी कधी वर्गाबाहेर पडलो नाही. तुमच्या समाधानासाठी झेरॉक्स सोबत जोडली आहे.

दीड महिना मला जेवण गोड लागत नव्हते, ते मी तुम्हाला कळवले नाही. आता बरे वाटते. तुम्हीही स्वतःला दोष देणे सोडा. विषय मिटला.

सि. उस्तुरगे


नांदेड,
३१ ऑगस्ट २०२४

सर,

कुणाचा मिटला?

ज्यानं बाईला देशोधडीला लावलं तो तुमच्यासमोर बसला होता. त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. आणि तुम्ही काय केलंत? पुस्तक निर्दोष सुटलं म्हणून त्याची कॉफी प्यालात आणि लातूरची गाडी धरलीत. महामायाला परत घेणार का, हे एकच विचारायला सांगितलं होतं. तुमच्या पत्रात तो प्रश्न कुठंच नाही. तेहतीस वर्षं पोरांना प्रश्न नीट वाचायला शिकवलंत म्हणता.

हातमोज्यांचं सगळं तुम्हाला माहीत नाही, ते मीच लपवलं होतं. आता लिहिते. आयसीयूच्या कचऱ्यात वापरलेल्या सुया पडतात. आमच्या बाया तो कचरा पातळ पिशव्या हाताला गुंडाळून उचलतात. महामायाच्या बोटात दोनदा सुई गेली. दोन्ही खेपेला तिनं महिना महिना रक्ताच्या रिपोर्टची वाट बघितली, काही निघालं नाही. म्हणून ती हातमोजे मागायला वर गेली. जायच्या आधी माझ्याकडं आली होती. म्हणली, "अक्का, तू सुपरवायझर हायस, तू पुढं हो." मी म्हणलं, "मी तुझा रिपोर्ट चांगला लिहिते. माझ्या हातात तेवढंच हाय." त्या चार जणींत मी नव्हते. तुम्हाला पत्रावर पत्र लिहीत होते ते त्यापायी पण असेल. तुमच्या चुकीवर बोट ठेवलं की माझी दिसत नव्हती.

झेरॉक्स घेऊन महामायाकडं गेले. तिनं दारातच उभं राहून दोनदा वाचली. म्हणली, "म्हंजे तू लिहिलं नसतंस तरी काढलंच असतं?"

"हाव."

"मग आता तरी पुढं होतीस का?"

मी हाव म्हणलं. तिनं आत घेतलं.

आम्ही कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज दिलाय. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. तिथं झेरॉक्स चालत नाही. मूळ कागद पाठवा आणि तारखेला येऊन सांगा की हे तुमच्यासमोर लिहिलं. तुमच्या रुद्रेशनं लिहिलंय, 'हे आपल्यातच ठेवा.' त्या 'आपल्यात' आम्ही बाया नाही, हे समजायला शब्दकोश लागत नाही. तुम्ही त्यात आहात का, तेवढं कळवा.

पंचशीला गजभारे


लातूर,
१० ऑक्टोबर २०२४

पंचशीलाबाई,

चाळीस दिवस मी उत्तर दिले नाही. काय झाले ते सांगतो, सबब म्हणून नव्हे.

तुमचे पत्र आल्यावर आठवडाभरात रुद्रेश घरी आला. सोबत त्याचे वडील सिद्रामप्पा होते. आमचा चाळीस वर्षांचा घरोबा आहे. शाल आणली, पेढे आणले. मला ऐकू येत नाही म्हणून घरात पाटी ठेवली आहे, तिच्यावर सिद्रामप्पांनी लिहिले, 'आपला पोरगा हाय. एका झाडूवालीपायी त्याचं वाटोळं करू नका.' मी ते पुसले. शाल ठेवून घेतली. कागद कपाटात ठेवला. महिनाभर त्या कपाटाकडे पाठ करून बसत होतो. पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने कचेऱ्या का चढाव्यात, समाजात तोंड कसे दाखवायचे, अशी उत्तम उत्तम कारणे मला सुचत होती. भित्र्या माणसाला कारणांची टंचाई कधी पडत नाही.

आणखी एक आहे. माझी नात सृष्टी सातवीत असताना माझे पुस्तक घेऊन आली होती. म्हणाली, "आजोबा, हार्डलीचा अर्थ उलटा दिलाय." घरी पाहुणे बसलेले. मी म्हणालो, "तुझ्या शाळेत आजोबांना शिकवायला शिकवतात का?" सगळे हसले. पाहुणे गेल्यावर मी शब्दकोश काढून पाहिला. तिचे बरोबर होते. त्याला बारा वर्षे झाली. त्यानंतर मी दोन आवृत्त्या तशाच काढल्या, कारण दुरुस्ती केली असती तर ती तिला दिसली असती. तुम्हाला छापखान्याचे नाव सांगितले तेव्हाही मला सर्व ठाऊक होते. सृष्टी पुण्यात नोकरी करते. येते, पाया पडते, जाते. तेव्हापासून तिने मला एकही शब्द विचारलेला नाही.

तुम्ही मला प्रश्न नीट वाचायला सांगितलेत. वाचला. शाल काल सिद्रामप्पांच्या घरी परत दिली, ते बाहेर आले नाहीत. मूळ कागद रजिस्टर टपालाने याच पाकिटात आहे. तारीख कळवा, मी येतो.

पुस्तकाची विक्री थांबवायला प्रकाशकांना सांगितले आहे. दुरुस्त करून आठवी आवृत्ती काढू. प्रस्तावनेत 'नांदेडच्या एका जागरूक भगिनीचे आभार' असे लिहावे म्हणतो. चालेल ना?

सिद्धलिंग उस्तुरगे


नांदेड,
१८ जानेवारी २०२५

सर,

सुनावणीनंतर तुम्ही लगेच गाडीला गेलात, बोलणं झालं नाही. पुढचं कळवते.

त्या दिवशी तुम्ही कामगार अधिकाऱ्यांसमोर ओरडून म्हणालात, "हे अक्षर माझ्या विद्यार्थ्याचे आहे. मी पाच वर्षे तपासले आहे. याचा र ओळखायला मला चष्मा लागत नाही!" तेव्हा कंपनीचा वकील दचकून पाण्याचा ग्लास सांडून बसला. रुद्रेश साहेब शेवटपर्यंत बुटाकडं बघत होते. बाहेर आल्यावर महामायानं विचारलं, "हे म्हातारे कायम असंच भांडतात का?" मी म्हणलं, "न्हाई, हल्लीच शिकलेत."

कंपनीनं तडजोड केली. महामाया एक जानेवारीपासून कामावर आहे, त्याच आयसीयूत. जाड हातमोजे आले, सगळ्या चौदा जणींना. कंपनीनं असं दाखवलं की ते त्यांना आधीपासूनच द्यायचे होते. रुद्रेश साहेबांची बदली झाली. शिक्षा म्हणून नाही, मोठ्या शहरात, मोठ्या दवाखान्यावर. असल्या माणसांना कंपनी उघड्यावर टाकत नसते. जाताना ते माझ्याशी इंग्रजीत काहीतरी बोलले. मला कळलं. उत्तर देण्यासारखं नव्हतं.

आता तुमच्या आभारांचं. नाही चालणार. 'जागरूक भगिनी' म्हणजे कोण? बावीस चुका काढल्या, एकोणीस खऱ्या निघाल्या, तुमच्या तेहतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं काढल्या नव्हत्या. त्या काढणारीला नाव आहे, पंचशीला लिंबाजी गजभारे. छापायचं तर आतल्या पहिल्या पानावर, तुमच्या नावाखाली, 'दुरुस्ती' म्हणून पूर्ण छापा. नाहीतर ती ओळच नको, मी कुणाला जागरूक करत फिरत नाही. आणि छापायच्या आधी सगळी पानं मला दाखवा. तुमच्यावर माझा अजून विश्वास नाही. सृष्टीला पण दाखवा. तिनं पहिली काढली, मी नंतर.

शेवटचं. कामगार अधिकाऱ्यांनी सगळ्या बायांचे रिपोर्ट नव्यानं लिहायला सांगितले. मराठीत, आणि बाईला वाचायला देऊन. काल महामायाचा लिहिला. तिचं काम किती स्वच्छ, ती किती वक्तशीर, पेशंटच्या नातेवाइकांशी किती गोड, पानभर लिहिलं. तिनं बाकावर बसून बोट फिरवत सगळं वाचलं.

म्हणली, "अक्का, लई वाढवून लिहिलंस. गेल्या साली मी सहादा उशिरा आले होते. ते कुठंय?"

मी म्हणलं, "राहू दे की."

"न्हाई. तेबी लिही. खरं असलं तर मी सही करते."

मी लिहिलं. तिनं परत एकदा वाचलं, माझ्याकडून पेन घेतलं आणि खाली सही केली, पूर्ण नावाची.

पंचशीला लिंबाजी गजभारे